नटगुरू वांग याओछिंग

गाणाऱ्या नटाचा आवाजच गेला तर त्याने काय करावे? चीनमधील पीकिंग ऑपेराचे थोर नट वांग याओछिंग यांच्यावर हा प्रसंग आला होता. त्यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म 1881 मध्ये पीकिंग, म्हणजे आताच्या बीजिंग शहरात, नटाच्याच घरी झाला. आपल्याकडे बालगंधर्व करीत तशा स्त्रीभूमिका तेथेही पुरुष करीत आणि वांग त्यातच वाढले. 1904 पासून त्यांना राजवाड्यात प्रयोग करण्याचा मान मिळाला. ज्येष्ठ नट थान शिनपेइ यांच्यासोबत त्यांचे काम फार गाजले.

तेव्हा स्त्रीभूमिकांचे कप्पे ठरलेले असत. सोज्ज्वळ कुलवधू झालेला नट पोटाशी हात धरून नुसता गाई, नखरेल मुलगी दुसरा करी आणि तलवार चालवणारी तिसरा. वांग यांनी गाणे, अभिनय आणि शस्त्रांचे खेळ एकाच भूमिकेत आणले. स्त्रियांच्या बांधलेल्या लहान पायांचा भास व्हावा म्हणून नट पायांना लाकडी टाचा बांधून चवड्यांवर चालत. तलवारीच्या भूमिकांत वांग यांनी त्या काढून टाकल्या.

चाळिशीत त्यांचा आवाज ढासळत गेला व 1926 च्या सुमारास रंगमंच सुटला. पण घराचे दार शिष्यांसाठी उघडेच होते. मेई लानफांग रीतसर शिष्य व्हायला आले तेव्हा, दोन्ही घराण्यांच्या नात्याने आपण एकाच पिढीचे, म्हणून मला थोरला भाऊच म्हणा, असे वांग यांनी सांगितले. शिकवण्यात मात्र काही कसर ठेवली नाही.

छंग यानछिउ यांची कथा वेगळी आहे. वयात येताना त्यांचा आवाज फुटला आणि तो पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही. वांग यांनी त्यांना मेईंची नक्कल करायला लावली नाही. आहे त्याच आवाजाला शोभेल अशी, आत दाबून धरलेली गायकी त्यांच्याकडून घडवून घेतली. पुढे ती छंग शैली म्हणून प्रसिद्ध झाली. शांग श्याओयुन आणि शुन ह्वेइशंग हेही वांग यांच्याकडेच शिकले, आणि चौघांच्या चार निरनिराळ्या शैली झाल्या. आम्ही मात्र वर्गातील सर्व मुलांना एकाच मापाने मोजत आलो. हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे झाले.

1951 मध्ये, वयाच्या सत्तरीत, ते बीजिंगच्या सरकारी नाट्यविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या वयात निवृत्तीचेच विचार यायचे! नाटककार थ्यान हान यांच्या श्वेतनागिणीच्या नाटकाला त्यांनी चाली बांधल्या व विद्यार्थ्यांकडून त्या बसवून घेतल्या. 1954 मध्ये त्यांचे निधन झाले. ते नाटक आजही होते.