वरातीतले वाद्य

वरातीत बँडवाला पितळी ट्रंपेट फुंकतो तेव्हा आपण नाचतो. पण त्याला कलावंत म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो. ज्याँ-बाप्तिस्त आर्बां यांचे चरित्र वाचले आणि माझीच मला लाज वाटली.

आर्बां १८२५ मध्ये फ्रान्समधील लिआँ शहरी जन्मले. पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात दोव्हेर्ने यांच्याकडे ते ट्रंपेट शिकले. त्याच वाद्याचे धाकटे भावंड म्हणजे कॉर्नेट. तेव्हा ते नवे, नाचगाण्यात रमणारे; म्हणून विद्वान नाक मुरडीत. आर्बांनी जिभेच्या दुहेरी-तिहेरी आघातांनी त्यातून थक्क करणारे द्रुत स्वर काढले. १८५७ पासून ते लष्करी वादकांना शिकवू लागले. १८६४ मध्ये आपली सारी विद्या त्यांनी एका जाडजूड ग्रंथात खुली केली. अखेर १८६९ मध्ये त्याच विद्यालयात कॉर्नेटचा वर्ग निघाला आणि तो आर्बांकडेच आला. १८८९ मध्ये ते वारले. पण जगभरचे ट्रंपेटवादक आजही त्यांच्या ग्रंथावर रियाझ करतात.

खर्च केला की शिल्लक घटते, हे आम्हा कॉमर्सच्या मुलांचे पाठांतर. आर्बांचा हिशेब उलटा निघाला. पुढच्या वरातीत नाचण्याआधी त्या बँडवाल्याला मी नमस्कार करणार आहे.