पंडिता रमाबाई : प्रार्थना आणि निर्णय

मराठी मुलखाबाहेर जन्मलेल्या आणि आयुष्याची पहिली चोवीस वर्षे बहुतांशी मराठी मुलखाबाहेरच काढलेल्या ज्या थोड्या व्यक्तींनी महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनावर खोल ठसा उमटविला, त्यांत पंडिता रमाबाईंचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे शारदासदन आणि केडगावचे मुक्तिसदन आपण ऐकून असतो. ख्रिस्ती झाल्यावर त्या लहानमोठ्या प्रत्येक गोष्टीत देवाची इच्छा काय आहे हे विचारीत असत, हेही ऐकलेले असते. पण हे विचारणे म्हणजे नेमके काय होते? देवावर भार टाकून स्वस्थ बसणे होते की आणखी काही? त्यांच्या चरित्रातील काही प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात, गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृतज्ञ. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल जाब द्यावा लागला तेव्हा उडुपीच्या पंडितसभेपुढे ग्रंथांचे आधार दाखवून आपली बाजू राखली. रूढी काय म्हणते ते राहू द्या, मूळ ग्रंथात काय आहे ते पाहू, ही वृत्ती रमाबाईंना माहेरच्या आंदणासारखी मिळाली. पुढे धर्म बदलला, ग्रंथ बदलला. ही वृत्ती मात्र कधी बदलली नाही.

पाहुण्यांच्या आणि यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात घरची संपत्ती आटली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंब यात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली आणण्यात आले. मग वर्षानुवर्षे तीर्थामागून तीर्थ, देवळात पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर निर्वाह करायचा. घरात बोली मराठी, विद्या संस्कृत, आणि बाहेर ज्या प्रांतात मुक्काम त्या प्रांताची भाषा. दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्र अगदीच परके वाटू नये.

या घरात प्रत्येक निर्णय देवाला विचारूनच होई. व्रते, दाने, अनुष्ठाने यांत उरलेसुरले द्रव्यही गेले. दक्षिणेत दुष्काळ पडला आणि उपासमारीची वेळ आली तेव्हा वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. त्या घडीला थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. पडेल ते हलके काम करीन, पण हे करू नका, असे त्याने विनविले. पंडिताच्या मुलाने मजुरी करावयास तयार होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. तरीही मदत वेळेवर पोहोचली नाही. आईवडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डा करून गळ्यापर्यंत अंग पुरून घ्यावे लागे, इतकी दैन्यावस्था होती. इतके नेमनिष्ठेने विचारूनही देव बोलला नाही, हा सल रमाबाईंच्या मनात तेव्हापासून राहिला असावा.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली. स्त्रियांनी वेद वाचू नयेत असे मानून वाढलेल्या रमाबाई तो वाचू लागल्या, धर्मशास्त्रेही वाचू लागल्या, आणि त्यांत स्त्रियांविषयी जे आढळले त्याने त्यांचे मन पोळले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिलचरच्या घरी पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान सापडले. त्या ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत हे मेधावींना रुचले नाही. पुढे फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी पटकीने वारले आणि दहा महिन्यांची मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ साली इंग्लंड गाठले. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून टाकल्या गेलेल्या स्त्रियांना जोगिणी आपुलकीने सांभाळतात, हे पाहून त्या थक्क झाल्या. असे का करता, हे विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडेच आधी, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी विष घेऊन प्राण दिला होता. या मृत्यूची छाया बाजूस सारून त्या दिवसाकडे पाहता येत नाही.

वैद्यकीचा मार्ग बंद झाला, कारण रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते. आणि येथेच त्यांच्या शोधाचे खरे स्वरूप दिसू लागते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी ते अनुचित ठरविले. सिस्टर जेराल्डिन यांनी आज्ञाधारकपणाचा उपदेश केला. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळविले की, पुरोहितांचे एक जू फेकून आपण आलो ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे. देवाची इच्छा जाणण्यास बायबल आणि आपली सदसद्विवेकबुद्धी पुरेशी आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ज्यांच्या अन्नावर आपण राहतो त्यांच्याशी असा वाद घालणे किती अवघड, हे परक्या घरी राहिलेल्यास सांगावयास नको.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे बोस्टनला साहाय्यक मंडळ उभे केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. सदनात कोणत्याही धर्माचा उपदेश करावयाचा नाही, असा करार होता. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, पण दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली वादळ झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने कठोर टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मला असे वाटते की, या प्रकरणी सल्लागारांचीही एक बाजू होती. विश्वासाने मुली पाठविणाऱ्या घरांना उघडे दार हे आमंत्रणच वाटणार. पण दार लावून प्रार्थना करणे म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज बाळगणे, असे रमाबाईंना वाटले आणि त्यांनी त्याची किंमत मोजली. त्याच वर्षी त्यांच्या सदनातील पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, हेही त्या कडू वर्षाच्या खाती नोंदले पाहिजे.

यानंतर त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांची चरित्रे आली. कोणापुढे हात न पसरता केवळ देवावर विसंबून संस्था चालविणारी ही माणसे. हिंदुस्थानात असे का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षांचीच हमी दिली होती, ती १८९८ ला संपणार होती. मग रमाबाईंनी काय केले? गुडघे टेकले, आणि पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली, विहिरी खणविल्या. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे, हा त्यामागील हिशेब.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हाती पैसा थोडा, सदनात जागा नाही. सावध माणसाने घरी बसावे, असाच हा प्रसंग. परंतु वाळूतल्या त्या खड्ड्याची आठवण असलेली बाई घरी बसेना. त्या स्वतः गेल्या, तीनशे मुली वाचवावयाच्या असे मनाशी ठरवून गेल्या, आणि आणल्याही. पुण्यात प्लेग आला, मुलींच्या संख्येवर सरकारी निर्बंध आले, तेव्हा केडगावची ती रिकामी जमीन उपयोगी पडली. तेथे मुक्तिसदन वाढले. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना हे सारे बायकांनीच चालविले. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबल अडाणी खेडुत स्त्रीला समजत नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. येथेही मूळ ग्रंथात काय आहे ते पाहू, हाच अनंतशास्त्र्यांचा बाणा. संस्कृतची प्रौढी विसरून सोपे शब्द शोधण्यात त्यांची वर्षे गेली.

मनोरमा आपला वारसा चालवील, असे त्यांनी धरले होते. ती २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी निवर्तली. त्या आघातानंतरही मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याची छपाई केडगावच्याच छापखान्यात, मुक्तिसदनातल्या स्त्रियांच्या हातून झाली होती.