दोन दिवसांचे मंत्री, तीन वेळचे नगराध्यक्ष

छत्तीसगढ राज्यात सहकार क्षेत्रातील कार्यासाठी शासनातर्फे जो सन्मान दिला जातो, त्याला ठाकूर प्यारेलाल सिंह यांचे नाव आहे. रायपूरजवळ निमोरा येथे पंचायत व ग्रामविकासाचे प्रशिक्षण देणारी जी राज्य संस्था आहे, तीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्रशासनात नव्याने आलेल्या अनेक अधिकाऱ्यांचा या नावाशी पहिला परिचय निमोऱ्याच्या फलकावरच होतो. राजनांदगावच्या गिरणी कामगारांचे पुढारी, नागपूर विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि भूदान यात्रेत देह ठेवणारे त्यागी कार्यकर्ते अशी त्यांची तीन चित्रे सर्वपरिचित आहेत. मात्र या तिन्ही चित्रांना जोडणारा जो दुवा आहे, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. तो दुवा म्हणजे रायपूर नगरपालिकेचे अध्यक्षपद. रस्ते, विहिरी, शाळा आणि दवाखाने यांचा कारभार हा राजकारणातील दुय्यम मुक्काम मानला जातो. प्यारेलाल सिंह यांच्या आयुष्यात मात्र तोच सर्वाधिक टिकाऊ आधार ठरला.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १८९१ रोजी राजनांदगावजवळच्या दैहान या गावी झाला. वडील दीनदयाल सिंह शिक्षण खात्यात नोकरीस होते. राजनांदगाव, रायपूर आणि पुढे नागपूर, जबलपूर असा शिक्षणाचा प्रवास करून १९१६ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. स्वदेशीच्या चळवळीचा संस्कार विद्यार्थिदशेतच झाला होता. १९०९ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी राजनांदगावात सरस्वती पुस्तकालयाची स्थापना केली आणि हे वाचनालय पाहता पाहता तरुणांच्या राजकीय चर्चेचे केंद्र बनले. संस्थानी कारभाऱ्यांच्या नजरेत हा तरुण तेव्हापासूनच खुपू लागला होता.

संस्थानातून हद्दपारी

राजनांदगाव हे वैष्णव महंतांचे संस्थान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील राजा बलरामदास यांच्या पुढाकाराने कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे ती बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. कामाचे तास बारा-तेरा, वेतन तुटपुंजे आणि दाद मागण्यास जागा नाही, अशी कामगारांची अवस्था होती. १९२० मध्ये प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी जो संप केला, तो महिनाभराहून अधिक काळ चालला. देशात संघटित कामगार चळवळ नुकती कोठे आकार घेत होती, त्या काळातील हा दीर्घ संप होय. १९२४ मध्ये पुन्हा संप झाला. या वेळी गोळीबार होऊन एक कामगार ठार झाला आणि प्यारेलाल सिंह यांना संस्थानाच्या हद्दीबाहेर घालवून देण्यात आले. रेल्वेची जमीन संस्थानच्या अधिकाराबाहेर असल्याने ते स्थानकातच मुक्काम करीत आणि कामगार तेथे येऊन त्यांचा सल्ला घेत, अशी आठवण छत्तीसगढात आजही सांगितली जाते.

हद्दपारीनंतर ते रायपुरात आले. येथे एक विलक्षण योगायोग दिसतो. रायपूरला खारून नदीचे पाणी पुरविणारी नळयोजना १८९२ मध्ये सुरू झाली होती आणि तिला मोठी देणगी देणाऱ्या राजनांदगावच्या त्याच राजा बलरामदासांचे नाव तिला दिलेले होते. ज्या संस्थानाने प्यारेलाल सिंह यांना बाहेर काढले, त्याच संस्थानाच्या औदार्यातून आलेले पाणी पिणाऱ्या नगरात त्यांनी घर केले. आणि कालांतराने त्या नगराच्या पाण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली.

रायपूर हे तेव्हा ब्रिटिश प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण होते. १९३० च्या कायदेभंगात येथील पाच नेत्यांना लोकांनी पाच पांडव म्हटले. त्यांत मराठी वाचकांना जवळचे असे वामनराव लाखे युधिष्ठिराच्या स्थानी, तर प्यारेलाल सिंह अर्जुनाच्या स्थानी मानले गेले. महंत लक्ष्मीनारायण दास, मौलाना अब्दुल रऊफ आणि शिवदास डागा हे अन्य तिघे. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी सरकारी पट्टे घेऊ नयेत यासाठीही प्यारेलाल सिंह यांनी चळवळ केली व तुरुंगवास पत्करला. १९३२ मध्ये गांधी चौकातील सभेत त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी कारावासाबरोबर जबर दंडही झाला. तो न भरल्याने घरातील चीजवस्तू जप्त झाल्या आणि वकिलीची सनदही काढून घेण्यात आली. चाळिशीत पोहोचलेल्या या माणसापाशी आता ना संस्थान उरले होते, ना व्यवसाय.

एका नगरात दोन सत्ताकेंद्रे

अशा स्थितीत १९३६-३७ च्या सुमारास प्यारेलाल सिंह रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १८६७ मध्ये स्थापन झालेली ही नगरपालिका मध्य प्रांतातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. १९२२ च्या प्रांतिक कायद्याने अशा संस्थांत लोकनियुक्त सदस्यांचे वर्चस्व आले होते आणि अध्यक्षाकडे केवळ सभा चालविण्याचे नव्हे, तर प्रत्यक्ष कारभाराचेही अधिकार होते. अर्थात, संस्था बरखास्त करण्याचा हुकमी पत्ता प्रांतिक सरकारच्या हातीच होता.

रायपूरच्या राजकारणाची रचना समजण्यासाठी दुसऱ्या एका संस्थेकडे पाहावे लागते. पंडित रविशंकर शुक्ल हे १९२७ पासून जवळपास दशकभर रायपूर जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते. कौन्सिलच्या शाळा आणि शिक्षक यांच्या आधारे त्यांनी खेडोपाडी काँग्रेसचे जाळे विणले. शुक्ल यांची शक्ती जिल्ह्यात, तर प्यारेलाल सिंह यांची नगरात, कामगारांत आणि विणकरांत. दोघेही वकील, दोघेही काँग्रेसचे, दोघांनीही तुरुंगवास भोगलेला. तरीही पुढच्या वीस वर्षांत एकाची वाट सत्तेकडे गेली आणि दुसऱ्याची विरोधी बाकांकडे. हे वळण नागपुरात पडले.

नागपूरचे दोन दिवस

१९३७ च्या निवडणुकीनंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्यात मराठी भाषकांचे नागपूर-वऱ्हाड आणि हिंदी भाषकांचे महाकोशल असे दोन प्रवाह होते व ते एकत्र वाहत नव्हते. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी राजीनामा देऊन मंत्रिमंडळाची फेररचना करण्याचे ठरविले. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या तिघांनी राजीनामा देण्यास नकार दिला, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना दूर केले. २१ जुलै रोजी खरे यांनी जे नवे मंत्रिमंडळ बनविले, त्यात महाकोशलच्या प्रतिनिधित्वासाठी प्यारेलाल सिंह यांना घेतले. काँग्रेस श्रेष्ठींनी हा प्रकार शिस्तभंग मानला. २३ जुलैला हे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि महिनाअखेर शुक्ल प्रांताचे पंतप्रधान झाले.

खरे प्रकरणाची चर्चा मराठी राजकीय लेखनात बहुधा खरे विरुद्ध श्रेष्ठी या अंगानेच झाली. रायपूरच्या बाजूने पाहिले तर तिला दुसराही अर्थ आहे. शुक्ल यांच्याच गावचा माणूस त्यांच्या जागी मंत्रिमंडळात बसला होता. ही घटना विसरली जाणे शक्य नव्हते. शिवाय नगरपालिका ज्या स्थानिक स्वराज्य खात्याच्या अखत्यारीत येत, ते खाते शुक्ल यांचे निकटचे सहकारी मिश्र यांनी सांभाळलेले होते. प्यारेलाल सिंह यांचा हा निर्णय राजकीय हिशेबाने चुकलाच. संघटनेत त्यांची बाजू दुबळी झाली आणि प्रांताच्या सत्तेची दारे त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाहीत. अनेकांचे सार्वजनिक जीवन अशा एका चुकीने संपते. त्यांचे संपले नाही, कारण परतायला नगरपालिका होती.

डांबर, विहिरी, शाळा

१९४० मध्ये रायपूरने त्यांना पुन्हा अध्यक्ष निवडले आणि १९४४ मध्ये तिसऱ्यांदा. या दोन तारखांचे महत्त्व त्या काळाच्या चौकटीतच कळते. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४६ पर्यंत मध्य प्रांतात गव्हर्नरची राजवट राहिली. विधानसभा निष्प्रभ होती. महायुद्ध चालू होते आणि १९४२ नंतर राष्ट्रीय चळवळीतील बहुसंख्य नेते तुरुंगात होते. सामान्य नागरिकाला आपल्या मताने निवडलेला माणूस प्रत्यक्ष कारभार करताना दिसेल, अशी जागा त्या वर्षांत उरली होती ती मुख्यतः नगरपालिकेतच.

त्यांच्या कारकिर्दीतील कामांची यादी साधी आहे. प्राथमिक शाळा वाढविल्या, मुलींसाठी शाळा उघडल्या, दोन नवे दवाखाने सुरू केले, रस्त्यांवर डांबर घातले आणि अनेक विहिरी खोदविल्या. यादी साधी असली तरी तिच्यामागे नगराची गरज अचूक ओळखलेली दिसते. १९०१ मध्ये ३२ हजार वस्ती असलेले रायपूर १९५१ मध्ये ९० हजारांच्या घरात गेले. रेल्वेमुळे धान्याचा व्यापार वाढला होता आणि बैलगाड्यांच्या जोडीला मोटारी आल्या होत्या. मुरमाचा रस्ता उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल देतो; बाजारपेठेच्या नगराला ते परवडत नाही. नळयोजना असताना विहिरी का, याचे उत्तरही उघड आहे. नळ एका मर्यादित नगरासाठी बांधले गेले होते. वस्ती वाढली, नव्या वस्त्यांत आणि गरिबांच्या पाड्यांत नळ पोहोचले नाहीत. तलावांचे हे नगर उन्हाळ्यात पाण्याला मोताद होई. नळाची वाहिनी लांबविण्यास भांडवल, पंप आणि लोखंडी नळ लागतात. युद्धकाळात लोखंड आणि सिमेंट दुर्मिळ होते. विहिरीला लागतात ते मजूर, दगड आणि जागेची निवड. मोठी योजना येईपर्यंत लोकांना तहानलेले न ठेवण्याचा हा मार्ग होता.

शिक्षणाचेही असेच. छत्तीसगढात उच्च शिक्षणाची सोय नव्हती. मुलांना नागपूर वा जबलपूर गाठावे लागे, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९३८ मध्ये रायपुरात छत्तीसगढ महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. १९४५ मध्ये त्यांनी विणकरांचा सहकारी संघ स्थापन केला. गिरणी कामगारांपासून सुरू झालेले काम हातमागापर्यंत आले होते. कामगार, करदाता आणि विणकर हे त्यांच्या दृष्टीने तीन वेगळे मतदारसंघ नव्हते. एकाच घरातील माणसे होती.

विरोधी बाकांवरून पायवाटेवर

स्वातंत्र्यानंतर शुक्ल मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. प्यारेलाल सिंह काँग्रेसमध्ये अस्वस्थ होते. १९५० मध्ये त्यांनी ‘राष्ट्रबंधू’ हे पत्र सुरू केले आणि १९५१ मध्ये पक्ष सोडून आचार्य कृपलानी यांच्या किसान मजदूर प्रजा पक्षाची वाट धरली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेतही १९५२ मध्ये रायपूरने त्यांना निवडून दिले. नागपूरच्या विधानसभेत समोरच्या बाकांवर मुख्यमंत्री शुक्ल आणि विरोधी पक्षनेत्याच्या जागी प्यारेलाल सिंह, असे चित्र दिसू लागले. राज्याचे दोन्ही प्रमुख आवाज रायपूरचे होते आणि दोघांचीही राजकीय घडण स्थानिक स्वराज्य संस्थेत झाली होती. पक्षाचा आधार नसताना मिळालेला हा विजय कशाच्या बळावर, याचे उत्तर शोधताना नगरपालिकेची ती वर्षे बाजूला ठेवता येत नाहीत.

अखेरच्या पर्वात ते विनोबांच्या भूदान चळवळीकडे ओढले गेले. विरोधी पक्षनेता असतानाच त्यांनी पदयात्रा सुरू केल्या आणि अशाच एका यात्रेत २० ऑक्टोबर १९५४ रोजी जबलपूरजवळ त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपद गेले आणि १९५६ च्या अखेरच्या दिवशी शुक्लही निवर्तले. प्यारेलाल सिंह यांचे पुत्र हरी ठाकूर यांनी कवी व इतिहासलेखक म्हणून छत्तीसगढच्या अस्मितेचा वारसा पुढे चालविला.

रायपूरची नगरपालिका १९६७ मध्ये महानगरपालिका झाली आणि २००० मध्ये नगराला राजधानीचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा लाखांवर गेली. महापौर कोणी निवडावा, थेट मतदारांनी की नगरसेवकांनी, यावर राज्याचे धोरण बदलत राहिले. २०१९ मध्ये हा अधिकार नगरसेवकांकडे गेला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा मतदारांकडे आला. निवडीची पद्धत कोणतीही असो, आयुक्त आणि राज्य शासन यांच्यामधल्या अरुंद जागेतच लोकनियुक्त कारभाऱ्याला काम करावे लागते. प्यारेलाल सिंह यांची जागाही अशीच अरुंद होती. वर गव्हर्नर होता, प्रांतात प्रतिपक्ष प्रबळ होता आणि तिजोरी मर्यादित होती. त्या जागेत त्यांनी विहिरी खोदल्या आणि लोकांनी त्यांना तीनदा निवडून त्याची पोच दिली. निमोऱ्याच्या प्रशिक्षणवर्गात पंचायत राज्याचे कायदे आणि नियम शिकविले जातात. दारावर ज्यांचे नाव आहे, त्यांचे हे नगराध्यक्षपदही तेथे अभ्यासक्रमाचा एक धडा म्हणून शिकविण्याजोगे आहे.