पाच विजेतेपदे, चार संघ : हुआन मॅन्युअल फँजिओ

२०२५ च्या मोसमात लुईस हॅमिल्टन यांनी मर्सिडीज सोडून फेरारीचा लाल पोशाख अंगावर चढवला, तेव्हा फॉर्म्युला वन शर्यतींच्या चाहत्यांमध्ये एक जुना वाद नव्याने रंगला. चालकाने आपल्या संघाशी निष्ठा राखावी की चांगल्या गाडीच्या शोधात संघ बदलावा? आणि ज्याला सर्वोत्तम गाडी मिळाली, त्याच्या विजयाचे श्रेय त्याचे किती आणि गाडीचे किती? हा वाद कोठेही सुरू झाला की थोड्याच वेळात एका नावापाशी येऊन थांबतो. ते नाव म्हणजे अर्जेंटिनाचे हुआन मॅन्युअल फँजिओ. १९५१ ते १९५७ या काळात त्यांनी पाच जागतिक विजेतेपदे मिळवली आणि तीही अल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीज आणि फेरारी अशा चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून. चार कंपन्यांच्या गाड्यांतून विजेतेपद मिळवणारा दुसरा चालक अद्याप झालेला नाही.

फँजिओ यांचा जन्म २४ जून १९११ रोजी ब्यूनोस आयर्स प्रांतातील बालकार्से या गावी झाला. आई-वडील इटलीहून आलेले स्थलांतरित. घरी सहा मुले; त्यांत हुआन चौथे. परिस्थिती बेताचीच असल्याने शाळा लवकर सुटली आणि हा मुलगा किशोरवयातच एका गॅरेजमध्ये मेकॅनिकच्या हाताखाली राबू लागला. फुटबॉलच्या मैदानावर पाय वाकवून चेंडू मारण्याच्या लकबीमुळे सोबत्यांनी त्यांचे नाव फेंगड्या असे ठेवले. स्पॅनिशमधील ‘एल चुएको’ हे ते टोपणनाव पुढे जगभर गाजले.

युरोपातील बहुतेक प्रतिस्पर्धी सुखवस्तू घरांतून, हौसेने या खेळात आले होते. फँजिओ मात्र हातातील पान्यासह आले. त्यांच्या पुढील निर्णयांची उकल या फरकातच होते असे वाटते. इंजिनाचा आवाज बदलला तर आत काय बिघडले आहे, हे त्यांना गाडी न थांबवता उमगत असे. बिघडू पाहणाऱ्या गाडीला सांभाळून शेवटच्या रेषेपर्यंत नेणे, हे त्यांचे खरे शिक्षण होते.

हे शिक्षण त्यांना अर्जेंटिनातील खडतर रस्त्यांनी दिले. त्या काळच्या शर्यती बंदिस्त मार्गांवर नव्हे, तर गावोगावच्या मातीच्या रस्त्यांवरून, डोंगर आणि वाळवंट ओलांडून होत. बालकार्सेच्या लोकांनी वर्गणी गोळा करून आपल्या फेंगड्यासाठी शेवरोले गाडी उभी केली. १९४० मध्ये ब्यूनोस आयर्सहून पेरूची राजधानी लिमा आणि तेथून परत, अशी सुमारे ९,५०० किलोमीटरची शर्यत त्यांनी जिंकली. वाटेतील दुरुस्तीही चालक आणि त्याच्या सहकाऱ्यानेच करायची असे. १९४० आणि १९४१ अशी दोन वर्षे ते राष्ट्रीय विजेते ठरले. नंतर महायुद्धामुळे इंधन आणि टायर दुर्मिळ झाले, शर्यती बंद पडल्या आणि उमेदीची वर्षे वाया गेली. १९४८ मध्ये पेरूत त्यांची गाडी दरीत कोसळली. त्या अपघातात त्यांचे सहचालक आणि मित्र दानिएल उरुतिया मरण पावले. शर्यती कायमच्या सोडाव्यात, असे तेव्हा त्यांच्या मनाने घेतले होते.

ते थांबले नाहीत. अध्यक्ष पेरॉन यांचे सरकार आणि अर्जेंटिनाचा ऑटोमोबाईल क्लब यांच्या पाठबळावर १९४९ मध्ये ते युरोपात उतरले, तेव्हा त्यांचे वय होते जवळजवळ ३८. आज या वयात बहुतेक चालक निवृत्त झालेले असतात! त्या एका उन्हाळ्यात त्यांनी सहा शर्यती जिंकल्या आणि १९५० मध्ये, जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी, अल्फा रोमिओने त्यांना आपल्या संघात घेतले.

त्या वर्षीच्या मोनॅको येथील शर्यतीत पहिल्याच फेरीत समुद्राच्या लाटेने भिजलेल्या वळणावर अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. आघाडीवरचे फँजिओ त्याआधीच पुढे निघून गेले होते. मागे काय घडले याची त्यांना कल्पना नव्हती. दुसऱ्या फेरीत त्या वळणाजवळ येताना त्यांना प्रेक्षकांचे काहीतरी वेगळे जाणवले. लोक आघाडीच्या गाडीकडे पाहतच नव्हते. सगळ्यांचे चेहरे पलीकडे वळलेले होते. त्यांनी वेग कमी केला, मोडक्या गाड्यांच्या गर्दीतून हळूहळू वाट काढली आणि शर्यत जिंकली. डावपेच म्हणजे केवळ इंधन आणि टायर यांचा हिशेब नव्हे, हे या प्रसंगावरून दिसते. त्या मोसमात मात्र विजेतेपद त्यांचे सहकारी ज्युसेप्पे फारिना यांना मिळाले. फँजिओ तीन गुणांनी मागे राहिले.

१९५१ मध्ये फेरारीने अल्फापुढे कडवे आव्हान उभे केले. अल्फाचे सुपरचार्जर लावलेले दीड लिटरचे इंजिन शक्तिशाली होते, पण ते इंधन अक्षरशः ढोसत असे; एका लिटरमध्ये गाडी एक किलोमीटरही जात नसे. फेरारीचे साडेचार लिटरचे, सुपरचार्जर नसलेले इंजिन बरेच कमी इंधनात भागवी. सिल्व्हरस्टोन येथे फँजिओ यांचेच देशबांधव होजे फ्रोइलान गोन्सालेस यांनी फेरारीला जागतिक स्पर्धेतील पहिला विजय मिळवून दिला. निर्णय बार्सिलोना येथील शेवटच्या शर्यतीत व्हायचा होता. तेथे फेरारीने मागच्या चाकांना लहान आकाराचे टायर निवडले आणि ही चूक त्यांना भोवली. टायरांचे थर सुटू लागले, फेरारीच्या गाड्यांना पुन्हा पुन्हा थांबावे लागले आणि फँजिओ पहिल्यांदा जगज्जेते झाले. वर्षअखेरीस अल्फा रोमिओने स्पर्धेतून माघार घेतली.

म्हणजे पहिला संघ फँजिओ यांनी सोडलाच नाही. संघच त्यांना सोडून गेला. हा तपशील वादाच्या भरात अनेकदा निसटतो.

पुढचे वर्ष त्यांना जवळजवळ प्राणावर बेतले. जून १९५२ मध्ये उत्तर आयर्लंडमधील शर्यत आटोपून दुसऱ्या दिवशी त्यांना इटलीतील मोंझा गाठायचे होते. विमान हुकले, पॅरिसहून रात्रभर गाडी हाकत ते मोंझाला पोहोचले आणि विश्रांती न घेताच शर्यतीत उतरले. दुसऱ्याच फेरीत गाडी उलटली आणि मानेचा मणका मोडला. उरलेला मोसम अंथरुणावर गेला. थकलेल्या शरीराने शर्यतीत उतरण्याची चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

संघबदलाचा सर्वांत वादग्रस्त प्रसंग १९५४ चा. मर्सिडीजशी करार झाला होता, पण त्यांची नवी गाडी तयार नव्हती. तोवर फँजिओ यांनी मासेरातीच्या गाडीतून ब्यूनोस आयर्स आणि स्पा येथील शर्यती जिंकल्या, आणि जुलैमध्ये रेम्स येथे मर्सिडीजची चंदेरी गाडी सज्ज होताच ते तिच्यात जाऊन बसले. ती शर्यतही जिंकली. एका मोसमात दोन कंपन्यांच्या गाड्या चालवून विजेतेपद! आजच्या करारांच्या जगात हे अशक्य आहे. पण मर्सिडीज म्हणजे आयते ताट होते, असेही नाही. चाकांपर्यंत झाकलेल्या तिच्या देहामुळे सिल्व्हरस्टोनच्या वळणांवर चालकाला रस्त्याची कड दिसत नसे. तेथे मार्गाच्या कडेला ठेवलेल्या तेलाच्या पिंपांवर गाडी अनेकदा आपटली आणि फँजिओ चौथे आले. त्यानंतर कंपनीने उघड्या चाकांची आवृत्ती बनवली.

ती गाडी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे प्रथम उतरली. सरावात त्यांचे तरुण देशबांधव ओनोफ्रे मारिमोन यांचा मासेराती गाडीत मृत्यू झाला. फँजिओ यांना या मुलाबद्दल विशेष जिव्हाळा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्यत जिंकली, पण आनंद साजरा करण्यासारखे काहीच उरले नव्हते.

१९५५ मध्ये मर्सिडीजमध्ये स्टर्लिंग मॉस त्यांचे सहकारी झाले. एंट्री येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये मॉस यांनी फँजिओ यांना सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने हरवले. गुरूने शिष्याला घरच्या प्रेक्षकांपुढे जिंकू दिले का? मॉस यांनी हा प्रश्न पुढे अनेकदा विचारला आणि प्रत्येक वेळी फँजिओ यांनी त्या दिवशी मॉस अधिक वेगवान होते, एवढेच सांगितले. चाहत्यांचे समाधान या उत्तराने आजवर झालेले नाही. त्याच्या महिनाभर आधी ल मान येथे पिएर लवेग यांची मर्सिडीज उसळून गर्दीत घुसली आणि ऐंशीहून अधिक जण मरण पावले. फँजिओ लगेच मागे होते. लवेग यांनी अखेरच्या क्षणी हात वर करून इशारा केला, म्हणूनच आपण वाचलो, असे ते पुढे सांगत. मोसम संपताच मर्सिडीजनेही शर्यतींतून अंग काढून घेतले. पुन्हा एकदा, संघ गेला आणि चालक उरला.

फेरारीतील १९५६ चे वर्ष मात्र त्यांना सुखाचे गेले नाही. एन्झो फेरारी यांच्याशी त्यांचे सूर कधी जुळले नाहीत. आपल्या गाडीची नीट काळजी घेतली जात नाही, असा फँजिओ यांना संशय होता, तर एन्झो यांनी आपल्या आठवणींत हे आरोप संतापाने फेटाळले. विजेतेपद कोणाचे, हे मोंझा येथील शेवटच्या शर्यतीपर्यंत ठरले नव्हते. तेव्हाच्या नियमांनुसार एका गाडीचे चालक शर्यतीच्या मध्ये बदलता येत आणि गुण वाटून मिळत. फँजिओ यांच्या गाडीचे स्टिअरिंग बिघडले. लुइजी मुसो यांनी आपली गाडी देण्यास नकार दिला. तेव्हा २४ वर्षांचे पीटर कॉलिन्स पिटमध्ये आले, परिस्थिती पाहून गाडीतून उतरले आणि ती फँजिओ यांच्या स्वाधीन केली. कॉलिन्स स्वतः विजेतेपदाच्या शर्यतीत होते!

येथे जरा आकडेमोड करू. फँजिओ दुसरे आले आणि त्यांच्या वाट्याला तीन गुण आले. पण पाच सर्वोत्तम निकालांचेच गुण धरण्याचा नियम असल्याने हे तीन गुण अंतिम हिशेबात आलेच नाहीत. ३० गुण त्यांच्या खात्यात आधीच होते. कॉलिन्स यांचे २२ गुण होते. विजयाचे आठ आणि सर्वांत जलद फेरीचा एक मिळून त्यांचे ३१ झाले असते. तेव्हा कॉलिन्स यांनी फँजिओ यांना गुण दिले असे म्हणण्यापेक्षा स्वतःची संधी सोडली, असे म्हणणे अधिक खरे. फँजिओ यांच्या पाच विजेतेपदांपैकी कोणते सर्वांत कमी त्यांचे स्वतःचे, असे कोणी विचारले तर आमचे बोट या विजेतेपदाकडे जाईल.

१९५७ मध्ये ते मासेरातीत परतले, आणि ४ ऑगस्ट रोजी न्यूरबुर्गरिंग येथे गाडी की चालक या प्रश्नाला मिळू शकणारे सर्वांत स्पष्ट उत्तर त्यांनी दिले. मार्ग सुमारे २२.८ किलोमीटरचा, फेऱ्या २२. फेरारीच्या माईक हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांनी टणक टायर आणि भरलेली टाकी घेऊन न थांबता धावायचे ठरवले. फँजिओ यांनी मऊ टायर आणि अर्धी टाकी घेतली. हलक्या गाडीने आघाडी घ्यायची, मध्ये एकदा थांबायचे आणि ती आघाडी खर्चून पुढेच राहायचे, असा बेत होता. बाराव्या फेरीअखेर ते सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढे होते. पण पिटमध्ये सगळे बिनसले. चाकाचा एक नट गाडीखाली घरंगळला, तो शोधण्यात मौल्यवान सेकंद गेले आणि फँजिओ बाहेर पडले ते पाऊण मिनिटाहून अधिक पिछाडीवर.

पहिल्या दोनेक फेऱ्यांत नवे टायर बसेपर्यंत ते सावकाश धावले. आता धोका टळला, असे समजून फेरारीने आपल्या चालकांना वेग सांभाळण्याचा इशारा दिला. मग फँजिओ सुटले. एरवी ज्या वळणांवर ते खालचा गिअर टाकत, तेथे त्या दिवशी वरच्याच गिअरमध्ये गेले. फेरीमागून फेरी विक्रम मोडत राहिला. त्यांची सर्वांत जलद फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांची होती, म्हणजे सरावातील त्यांच्याच सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंदांनी कमी! शेवटून दुसऱ्या फेरीत त्यांनी आधी कॉलिन्स आणि मग हॉथॉर्न यांना मागे टाकले आणि चार सेकंदांहूनही कमी फरकाने शर्यत जिंकली. वय ४६, पाचवे विजेतेपद निश्चित. तसे आपण पूर्वी कधी चालवले नव्हते आणि पुन्हा चालवू इच्छित नाही, असे त्यांनी नंतर बोलून दाखवले. तो त्यांचा जागतिक स्पर्धेतील शेवटचा विजय ठरला.

फेब्रुवारी १९५८ मध्ये हवाना येथे फिडेल कॅस्ट्रो यांच्या बंडखोरांनी बातिस्ता सरकारची नाचक्की करण्यासाठी फँजिओ यांचे हॉटेलातून अपहरण केले. त्यांना सन्मानाने वागवले गेले आणि शर्यत संपल्यावर सुखरूप सोडण्यात आले. ६ जुलै १९५८ रोजी रेम्स येथे ते शेवटचे धावले. आघाडीवरचे हॉथॉर्न अखेरच्या टप्प्यात त्यांच्या मागे आले होते, पण गुरुजींना एक फेरी मागे टाकणे त्यांना प्रशस्त वाटले नाही; त्यांनी वेग आवरला. फँजिओ चौथे आले. त्याच शर्यतीत मुसो यांचा मृत्यू झाला. महिन्याभरात न्यूरबुर्गरिंगने कॉलिन्स यांना नेले आणि जानेवारी १९५९ मध्ये हॉथॉर्न इंग्लंडच्या रस्त्यावरील अपघातात गेले. फेरारीतील आणखी एक सहकारी युजेनियो कास्तेलोत्ती १९५७ मध्येच सराव करताना मरण पावले होते.

संघनिष्ठेचा वाद आज खेळला जातो तो करारांच्या आणि कोट्यवधी रकमांच्या भाषेत. त्या काळी गाडी निवडणे म्हणजे कोणाच्या जोडणीवर आपला जीव सोपवायचा, ते ठरवणे होते, आणि माजी मेकॅनिक असलेल्या फँजिओ यांना हे इतरांपेक्षा अधिक कळत होते.

५१ शर्यती, २४ विजय, २९ वेळा पहिल्या स्थानावरून प्रारंभ. पाच विजेतेपदांचा त्यांचा विक्रम मायकेल शूमाकर यांनी २००२ मध्ये गाठला आणि २००३ मध्ये मागे टाकला, पण विजयांची टक्केवारी आणि सर्वाधिक वयाचा जगज्जेता हे मान फँजिओ यांच्याकडेच राहिले. निवृत्तीनंतर ते अर्जेंटिनातील मर्सिडीजच्या व्यवसायात रमले. १९८६ मध्ये बालकार्से येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. १७ जुलै १९९५ रोजी ब्यूनोस आयर्स येथे त्यांचे निधन झाले आणि दफन बालकार्से येथे झाले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत एंट्रीचे ते उत्तर कधीच न मिळालेले मॉस होते, आणि फेरारीला पहिला विजय मिळवून देणारे गोन्सालेसही.