वेष्टनांतून वझेबुवा

बिस्किटांची वेष्टने, चहाची रिकामी खोकी, औषधांचे पुठ्ठे कातरून एखाद्या थोर गायकाचे चित्र सिद्ध करण्याची हौस शाळांच्या प्रदर्शनांतून दिसते. ती स्तुत्यच आहे. या कामासाठी मुलांनी गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांची निवड करावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. इतरांनी दडवलेले कण कण वेचून आपली विद्या उभारणारा हा पुरुष याच किनारपट्टीचा.

बुवांचा जन्म १८७१ साली सावंतवाडी संस्थानात झाला. पितृछत्र शैशवातच हरपले. आईने कागलास राहून मुलास वाढविले. मालवणास विठोबाअण्णा हडप यांच्यापाशी त्यांनी गाण्याची धुळाक्षरे गिरविली. पण तेवढ्याने तृप्ती होईना. बालवयातच लग्न झाले होते, तरीही हा मुलगा घर सोडून विद्येच्या शोधात बाहेर पडला आणि वणवण करीत अखेर ग्वाल्हेरीस पोहोचला.

ख्यालगायकीची गंगोत्री म्हणून ग्वाल्हेरची तेव्हा ख्याती होती. तेथे निसारहुसेन खाँसाहेबांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. चीज म्हणजे घराण्याची ठेव. ती परक्याच्या ओंजळीत सहजासहजी पडत नसे. पोटाची आबाळ सोसावी, गुरुसेवा करावी आणि कानी पडेल ते जतन करावे, असे ते दिवस होते. पुढेही बुवांनी उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी फिरून अनवट रागांचा आणि चिजांचा मोठा संग्रह केला. नेपाळ दरबारातही त्यांच्या गाण्याचा सन्मान झाला.

हे धन त्यांनी कुलूपबंद ठेवले नाही, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. बेळगावास स्थायिक झाल्यावर त्यांनी शिष्य तयार केले. ‘रणदुंदुभी’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांतील पदांना त्यांनी दिलेल्या चाली मंगेशीच्या दीनानाथांच्या गळ्यातून घरोघर पोहोचल्या. ‘संगीत कला प्रकाश’ या दोन भागांच्या ग्रंथात त्यांनी चिजा स्वरलिपीसह छापल्या. ज्या विद्येसाठी स्वतः दारोदार फिरले, ती कोणाही जिज्ञासूच्या हाती ठेवून १९४५ साली पुण्यास त्यांनी देह ठेवला.

बुवांच्या गाण्याच्या जुन्या तबकड्या आहेत. तीन-साडेतीन मिनिटांत मावलेला तो जोरकस, पेचदार आवाज आजही ऐकता येतो. परंतु अशा कितीतरी तबकड्या आमच्याच घरांतून भंगारात गेल्या आणि त्यांची कागदी पाकिटे रद्दीत. म्हणून शिक्षकांस आमची विनंती आहे की, पुठ्ठे कातरण्याआधी मुलांस बुवांची एक तरी चीज ऐकवावी. चित्र टाकाऊ वस्तूंचे असले तरी चालेल. ज्याचे ते चित्र, त्याचे गाणे मात्र आमच्या हातून टाकले जाऊ नये.