तिसरा हिस्सा लोकांचा

माणिकपूरच्या माणसाला बडोदे तसे परके नाही. वसई रोड स्थानकावर उभे राहावे, उत्तरेकडे जाणारी गाडी समोरून धडधडत निघून जाते आणि त्याच रुळांवर साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पुढे बडोदे लागते. १९४९ ते १९६० या काळात तर वसई आणि बडोदे एकाच मुंबई राज्यात होती. याहून जुना आणि फारसा अभिमानास्पद नसलेला एक धागाही आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी आपल्या वसईत जो तह झाला, त्यात दुसऱ्या बाजीरावाने गायकवाडांबरोबरचे आपले देण्याघेण्याचे वाद कंपनी सरकारच्या लवादावर सोपवले. पेशवाईच्या अखेरच्या काळातली ही हकीकत इतिहासाच्या तासाला आपण शिकतोच. मात्र त्याच गायकवाड घराण्यातल्या एका राजाने पुढे शंभर वर्षांनी खेड्यातल्या ग्रंथालयाच्या इमारतीचा खर्च कोणी किती उचलायचा याचे एक गणित मांडले, ते मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही.

तो राजा म्हणजे श्रीमंत सयाजीराव गायकवाड, तिसरे.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या गावी झाला. मूळचे नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांच्याच भाऊबंदकीतले, पण व्यवसाय शेतीचा. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिशांनी पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून जी मुले बडोद्यास नेण्यात आली, त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. त्या वेळची त्यांची हजरजबाबीपणाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बारा वर्षांच्या या मुलाला त्या दिवशी धड अक्षरओळख नव्हती. अक्षरे उशिरा भेटलेल्या माणसाला त्यांची किंमत अधिक कळते, असे म्हणायचा मोह होतो. पण सर्वांच्याच बाबतीत ते खरे ठरत नाही, यांच्या बाबतीत ठरले एवढेच म्हणू. इलियट यांच्यासारखा शिक्षक आणि सर टी. माधवराव यांच्यासारखा दिवाण लाभला, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

पुढची अनेक वर्षे राज्यकारभार, रेल्वे, पाणीपुरवठा, छप्पनचा भीषण दुष्काळ अशा कामांत गेली. घरातही दुःखे कमी नव्हती. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये वारल्या, थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले. महाराजांची प्रकृती बिघडे, झोप लागत नसे, म्हणून ते वारंवार युरोपात जात. राजा परदेशातच फार राहतो अशी टीका त्यांच्यावर होई आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र या प्रवासांत ते डोळे उघडे ठेवून हिंडले, हेही खरे.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी असा कायदा कोठेही नव्हता. पण शाळा काढून भागत नाही, हे लवकरच ध्यानात आले. मुलगा चौथी-पाचवीपर्यंत शिकतो, मग नांगरामागे जातो, आणि घरात वाचायला कागदाचा कपटा नसल्यामुळे चार वर्षांत होते तेही विसरतो. शाळेवर केलेला खर्च असा मातीत जातो. तेव्हा शाळा सुटल्यावरही माणसाच्या हाती पुस्तक राहील अशी व्यवस्था हवी. बडोद्यातील ग्रंथालये जन्मली ती या हिशेबातून, केवळ विद्याव्यासंगाच्या हौशीतून नव्हे.

१९०६ मध्ये महाराज अमेरिकेस गेले. तेथे त्या वेळी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी गावोगाव ग्रंथालयांच्या इमारती बांधून देत होते. त्यांची अट अशी की, जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी गावाने खर्च करावी. या पद्धतीने जगभर अडीच हजारांवर इमारती उभ्या राहिल्या. १९१० मध्ये पुन्हा अमेरिकेस गेले असता महाराजांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास येण्याचे निमंत्रण दिले. बॉर्डन आले, तीन वर्षे राहिले आणि त्यांनी राज्याचे ग्रंथालय खाते उभे केले. १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले, त्यासाठी महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातला आपला खाजगी संग्रह देऊन टाकला. सुमारे २०,००० ग्रंथ! १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर छापणारे ग्रंथालयविषयक त्रैमासिकही निघू लागले.

आता त्या गणिताकडे वळू.

लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला होता. तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगणे नको की, मनात आणले असते तर हा राजा प्रत्येक कसब्यात एकेक संगमरवरी ग्रंथमंदिर बांधून त्यावर आपले नाव कोरून घेऊ शकला असता. त्यांनी तसे केले नाही. बडोद्याचा नियम असा होता : ज्या गावाला ग्रंथालयाची इमारत हवी असेल त्याने खर्चाचा एक तृतीयांश भाग स्वतः जमवावा. मग दुसरा तृतीयांश प्रांत पंचायत देईल आणि तिसरा दरबार देईल. समजा, इमारतीचा अंदाज पंधराशे रुपयांचा आहे, तर गावाने पाचशे उभे करायचे. ते उभे राहिले नाहीत तर काम पुढे सरकत नसे.

वार्षिक खर्चालाही हीच त्रिभागणी होती. गावाने वर्गणी गोळा करायची आणि तितकीच रक्कम पंचायतीने व तितकीच दरबाराने घालायची. खेड्यासाठी ही मर्यादा १०० रुपयांची, कसब्यासाठी ३०० ची आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० ची. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्या खेड्याने २५ रुपये जमा केले की, खात्याकडून १०० रुपयांची देशी भाषांतील पुस्तके मिळत. इमारत होईपर्यंत पुस्तके कोठे ठेवायची? शाळेत, धर्मशाळेत, चावडीत, जागा मिळेल तेथे. बहुतेक ठिकाणी शाळामास्तरच ग्रंथपाल.

हिशेब वाचायला सोपा वाटतो. पण ज्याने कधी गावात वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरून पाहिले आहे त्याला त्यातले शहाणपण चटकन कळेल. देवळाच्या कळसाला पैसे मागितले तर लोक देतात. वाचनालयाला मागितले की, पुढच्या महिन्यात या, असे उत्तर मिळते. पाचशे रुपये जमवायचे म्हणजे पाटलाला पटवायचे, सावकाराला पटवायचे, मुंबईला किंवा आफ्रिकेला गेलेल्या गावकऱ्याला पत्र लिहायचे. हे सारे करता करता इमारतीचा पाया घालण्यापूर्वीच ग्रंथालयाचा वाचकवर्ग तयार होतो, आणि ज्याचे पाच रुपये भिंतीत गेले आहेत तो छप्पर गळू लागले तर गप्प बसत नाही. सरकारी पैशाने आयती मिळालेली इमारत आणि ही इमारत यांत जो फरक पडतो तो येथे पडतो.

हे बी अगदी पडीक जमिनीत पडले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. चरोतरात मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासूनच मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये काढायला आरंभ केला होता. पुढे राज्याने त्यांना आपल्या ग्रंथालय खात्यात घेतले. माझ्या मते महाराजांच्या मोठेपणाचा हा एक कमी सांगितला गेलेला भाग आहे. परदेशी तज्ज्ञ त्यांनी आणला खरा, पण गावच्या माणसाचे काम बाजूला सारून नव्हे. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, त्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खाते सांभाळले आणि त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी.

या गणितात एक दोष मात्र आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जे गाव पंचवीस रुपयेही जमवू शकत नाही त्याचे काय? तंबाखू पिकवणाऱ्या संपन्न चरोतरला ही योजना जशी मानवते तशी सोनगड-व्याऱ्याच्या जंगलपट्टीला मानवणार नाही, हे उघड आहे. ज्याच्याजवळ काही आहे त्यालाच सरकारची जोड मिळते, असा त्याचा अर्थ होतो. अनुदानाच्या कोणत्याही जोडयोजनेवर आजही हाच आक्षेप घेता येईल. यावर बडोद्याने उपाय काढला तो फिरत्या ग्रंथालयांचा. लाकडी कुलूपबंद पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती मागणी येईल त्या गावी पाठवायची आणि जाण्यायेण्याचे भाडे खात्याने सोसायचे. गावाला एक पैसाही पडत नसे. निरक्षरांसाठी जादूच्या दिव्याचे आणि चलच्चित्रांचे खेळही खाते दाखवी. दोष पुरा भरून निघाला असे मी म्हणणार नाही. पेटी परत जाते, इमारत राहते.

आणखी एक विचार मनात येतो. सयाजीराव हे काही लोकनियुक्त शासक नव्हते. अखेरचा शब्द महाराजांचा असे. पण ग्रंथालयाच्या बाबतीत त्यांनी आपला शब्द मुद्दामच अपुरा ठेवला. एक तृतीयांशापुरता! गावाने तोंड उघडल्याशिवाय दरबार काही देणार नाही, असा हुकूम एका सत्ताधीशाने काढावा, हा इतिहासातला गमतीचा प्रकार आहे.

मराठीशी त्यांचा संबंध शेवटपर्यंत अतूट राहिला. १९३२ च्या कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, हे तर आपण जाणतोच. मध्यवर्ती ग्रंथालयातल्या संस्कृत विभागातून पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले.

मध्यवर्ती ग्रंथालयाची वास्तू बडोद्यातल्या मांडवी भागात आहे. तिची रचना बघण्याजोगी आहे. पुस्तकांच्या मांडण्या पोलादी आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपत जावा आणि आगीचे भय कमी व्हावे. विजेच्या दिव्यांवर सारी भिस्त नसलेल्या काळात पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता यावे, म्हणून केलेली ही योजना.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याबरोबर दरबाराचा तृतीयांशही इतिहासजमा झाला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, तेव्हा बडोदे गुजरातेत जाऊन सात वर्षे लोटली होती. गावांनी पावतीपुस्तके फिरवून बांधलेल्या वाचनालयांचा कारभार मात्र तोपर्यंत गावांच्या अंगवळणी पडला होता.