ईस्टमन यांचा वारसा

डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्रणाची कला बुडविली, असा विलाप करणाऱ्यांनी जॉर्ज ईस्टमन यांचे चरित्र अवश्य आठवावे. १८५४ साली जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेतील रॉचेस्टर येथे बँकेत कारकून होते. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. तंबू, बाटल्या यांचे ओझे वेगळेच. नोकरी सांभाळून, आईच्या स्वयंपाकघरात रात्री जागवून ईस्टमन यांनी कोरड्या काचा सिद्ध केल्या. १८८८ साली त्यांनी कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. शंभर चित्रे घेतली की कॅमेराच कारखान्यात धाडावयाचा. चित्रे छापून व नवी फिल्म भरून तो परत येई. अंधाऱ्या खोलीतील कसबाची अट अशी त्यांनीच दूर केली.

१९३२ साली ते निवर्तले. १९७५ साली त्यांच्याच कंपनीत डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना तयार झाला, आणि २०१२ साली त्याच कंपनीवर दिवाळखोरीची पाळी आली. सोय ही कलेची वैरीण नव्हे. मात्र शंभर चित्रांची मर्यादा कळ दाबण्यापूर्वी विचार करावयास लावी. ती मर्यादा आता उरलेली नाही. विवेक ज्याचा त्यानेच राखावयास हवा.